तोंडवलीच्या शाळेतली बारी

वैभववाडी

कोल्हापूरहून निघालेली एसटी घाट उतरून वैभववाडीला थांबली, तेव्हा माझ्या कानांत दडे बसले होते आणि अंगावरचा स्वेटर नकोसा झाला होता. मी सोलापूरची. आमच्याकडे दिवाळीनंतर ओठ फुटायला लागतात; इथे मात्र गळ्याशी घाम. स्टँडवर आमसुलं विकत बसलेल्या एका बाईंकडून पुडी घेताना मी त्यांना तोंडवलीची वाट विचारली.

"तोंडवली? थंय जाऊन काय करतलास?"

"शिकवायला चाललेय."

"पोरांक?"

"नाही, कलाकारांना."

त्यांनी मला नीट न्याहाळलं, आमसुलाच्या पुडीत वर मूठभर आणखी घातली आणि कणकवलीची गाडी दाखवली. बहुधा माझी कीव आली असावी.

माझं काम लोकांना सांगताना नेहमी अशीच पंचाईत होते. जिल्हा परिषदेच्या काही शाळांनी ठरवलं होतं, की गावाकडच्या कलाकारांनी आठवड्यातून एक तास वर्गात येऊन आपली कला शिकवायची. कला त्यांना येतच होती, वर्ग मात्र नवा होता. म्हणून आधी आठवडाभर त्यांच्याबरोबर बसायला मला बोलावलं होतं. असं शिबिर मी आमच्या भागात बरेचदा घेतलंय. पण तिथली माणसं, तिथली भाषा माझी. इथे मी पाहुणी.

तोंडवली

तुम्ही तोंडवलीला गेला नसाल तर एवढंच डोळ्यांपुढे आणा: जमिनीची एक अरुंद पट्टी, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मध्ये माड, सुरूची झाडं आणि घरं. पहिल्या संध्याकाळी मी ज्यांच्या घरी उतरले त्या सुलोचनाकाकींना विचारलं, "पाण्याची भीती नाही वाटत, दोन्हीकडून?" त्या म्हणाल्या, "भिवान खंय जातलंव?" आणि मला जेवायला वाढलं.

ताटात बांगड्याचं तिखलं होतं. मी मोठ्या विश्वासाने त्यातला एक काळसर दाणा मिरा समजून चावला. जीभ आधी झिणझिणली, मग बधिर झाली, मग आपल्या तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यायला लागली. "अवो ताई, ता तिरफळ! ता चावूचा नसता, बाजूक काढूचा," काकी हसत हसत सोलकढीची वाटी पुढे करत म्हणाल्या. उद्यापासून दिवसभर बोलायचं होतं आणि मला 'र' म्हणता येत नव्हता.

शिबिर शाळेच्या सभागृहात भरलं. मातीच्या मूर्ती करणारे एक गृहस्थ, दशावतारात काम करणारे एक नट, माडाच्या झावळ्यांच्या वस्तू विणणाऱ्या दोन बहिणी, आणि जयराम बुवा.

बुवांबद्दल आधी सांगायला हवं. ते कणकवलीकडच्या एका आतल्या गावचे. भातशेती, काजूची बाग, आणि भजन. साठीचे असतील, पण आवाज तिशीतला. स्कूटरला मागे पेटी बांधून ते रोज यायचे. पहिल्याच सकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "आपल्या कलेतली एखादी छोटी गोष्ट शेजाऱ्याला शिकवून दाखवा." बुवांनी पेटी उघडली आणि गायला सुरुवात केली. सगळे तल्लीन झाले. मीही माझं काम विसरले. मूर्तिकारांचा हात मांडीवर ठेका धरू लागला. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या.

"बुवा, ह्यांना कधी गाऊ देणार?" मी विचारलं.

"ते गातले तर मी काय करू?" बुवा खरोखरच गोंधळले होते. "टाळ कुटू?"

सगळे हसले. मी म्हणाले, "शिकवताना एक वेळ अशी येते, की आपल्याला येत असतं आणि समोरच्याला येत नसतं. तेव्हा थांबायचं. तेच फार अवघड असतं."

त्यांनी मान डोलावली, पण ती गाण्याला डोलवावी तशी.

बारी म्हणजे काय

दुपारी चहाला बुवांनी मला डबल बारी समजावून सांगितली. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. एका बुवाने गायचं, मग दुसऱ्याने. गाता गाता एकमेकांना प्रश्न घालायचे, कोपरखळ्या मारायच्या, तिथल्या तिथे ओळ रचून समोरच्याला अडचणीत आणायचं. माणसं गावोगावहून ऐकायला येतात. आमच्याकडे कलगी-तुऱ्याच्या फडात असेच सवाल-जवाब झडतात, त्यामुळे मला हे परकं वाटलं नाही. माझे मामा तुऱ्याचे होते, आणि कलगीवाल्या व्याह्यांच्या घरी पाणी प्यायलाही ते जरा विचार करून जायचे.

"समोरच्या बुवाचा तोंड बंद झाला म्हणजे बारी जिंकली," बुवा म्हणाले. "शिरोड्याक एकदा समोरच्या बुवान पेटी बंद केल्यान नि उठान गेलो. अजून लोक आठवण काढतत."

ते सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. चहा निवत होता. मला ते फार आवडले, आणि त्याच वेळी कुठेतरी धास्तीही वाटली. पण कशाची, ते तेव्हा नेमकं कळलं नाही.

बुवांचा तास

बुधवारी प्रत्येकाने खऱ्या वर्गावर एक तास घ्यायचा होता. बुवांच्या वाट्याला चौथीचा वर्ग आला. मी आणि मुख्याध्यापिका परब मॅडम मागे बाकावर बसलो.

सुरुवात अशी झाली, की मी हातातलं पेन खाली ठेवलं. बुवांनी पेटी उघडलीच नाही. आधी टाळ्यांचा ठेका दिला, तो मुलांनी उचलला. मग एक साधी ओळ, ती मुलांनी म्हटली. पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, दुर्वा नावाची. बुवा ओळ म्हणायचे, ती वर्गाच्या आधी पकडायची. बुवांनी चाल फिरवली, तीही फिरली. बुवांनी मुद्दाम ठेका मोडला, तिने सांभाळला. आता बुवांचं सगळं लक्ष तिच्याकडे गेलं. ते पुढे सरकून बसले, पेटी उघडली. मला त्यांच्या चेहऱ्यावर तीच चमक दिसली, चहाच्या वेळची.

"आता माझ्या प्रश्नाचा उत्तर दी," बुवा सुरात म्हणाले. "दर्याक तहान लागली तर तो खंयचा पाणी पिता?"

दुर्वा उभी राहिली. तिने तोंड उघडलं, मिटलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. तिथे समुद्र होताच, पण तो काही सांगेना. बुवांनी श्वासभर वाट पाहिली, आणि मग पेटीवर बोटं फिरवत वर्गाकडे वळून ओळ टाकली:

"दर्याचो इलो प्रश्न, नि दुर्वा झाली गप्प!"

काय चाल होती ती! उडती, जिभेवर बसणारी. पोरांनी एका दमात उचलली. टाळ्या, ठेका, बाकांवर थापा. 'गप्प' या शब्दावर सगळ्या वर्गाची एकच टाळी पडायची. इतका एकजीव कोरस मी शाळेच्या वर्गात क्वचितच ऐकलाय. दुर्वा खाली बसली. वेणीचं टोक तोंडात धरून ती बाकाकडे बघत राहिली.

तास संपल्यावर बुवा घामाने निथळत बाहेर आले. "कशी रंगली पोरां, बघितलास?"

"रंगली बुवा. एक सोडून."

त्यांना कळायला क्षणभर लागला. मग ते म्हणाले, "बारीत कोण तरी गप्प बसतलोच."

"तिला कुठे माहीत होतं, आपण बारीत बसलोय म्हणून?"

बुवांचा चेहरा उतरला, मग ताठ झाला. "मगे तुमी माका कित्याक बोलवलास? नुसता सा रे ग म शिकवूक व्हया तर दुसरो कोणी बघा." त्यांनी पेटी स्कूटरला बांधली आणि निरोप न घेता गेले.

मी संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन बसले. मासेमारीची रापण ओढून झाली होती, जाळी सुकत होती. माझ्या बोलण्यात चूक नव्हती, तरी वेळ चुकली होती. एवढं गाऊन बाहेर आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

चहाच्या टपरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेजवळच्या टपरीवर बुवा दिसले. शिबिरातून आपलं नाव काढून टाका, हे सांगायलाच ते आले होते. पण ते बोलण्याआधी रस्त्यावरून पोरांचा घोळका आला. टाळ्या वाजवत, एका सुरात: "दर्याचो इलो प्रश्न, नि दुर्वा झाली गप्प!" त्यात फक्त चौथीची नव्हती. पहिली-दुसरीची बारकी पोरंही होती. एका रात्रीत चाल वाडीभर झाली होती.

बुवांचा चेहरा उजळला. ते टपरीवाल्याला म्हणाले, "ऐकलंस? माझी चाल!"

आणि मग त्यांनी पाहिलं. घोळक्याच्या पुढे पंधरावीस पावलांवर दप्तर पाठीला लावून दुर्वा चालली होती. मागून टाळी पडली की तिचे खांदे आक्रसायचे. शाळेच्या फाटकापाशी ती थांबली, वळली, आणि आत न जाता खाडीकडच्या पायवाटेने घरी निघून गेली.

बुवांनी ग्लास तसाच ठेवला. "पोरांनु, गप रवा रे!" ते ओरडले. पोरं क्षणभर थांबली, मग शाळेच्या आवारात शिरल्याबरोबर पुन्हा सुरू झाली.

"चाल बरी झाली," बुवा हळू आवाजात म्हणाले. "वाईट झाली असती तर आज कोणाक आठवली नसती."

शाळेत परब मॅडम माझी वाटच पाहत होत्या. "काल संध्याकाळी दुर्वाचे वडील येऊन गेले. आज मुलगी आली नाही. ताई, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण बुवांना मी पुन्हा वर्गात पाठवणार नाही."

बुवा माझ्या मागे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. "बरोबर आसा तुमचा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तिचा घर खंय?"

खाडीकडचं घर

घरापुढच्या सारवलेल्या खळ्यात दुर्वाची आई चटईवर सुकट निवडत होती. आम्हाला पाहून ती उठली नाही. आमच्याकडे दारात आलेल्या माणसाला, भांडण असलं तरी, आधी बसा म्हणतात. इथे तिने नुसतं पाहिलं, आणि मला त्यात काही गैर वाटलं नाही.

"बुवा, तुमची भजना हिचो बापूस होडयेत बसान मोबाइलवर ऐकता," ती म्हणाली. "काल त्येना ती सगळी काढून टाकल्यान."

बुवांनी मान खाली घातली. दुर्वा पडवीच्या खांबाला टेकून बसली होती. बुवा तिच्यापासून जरा अंतर ठेवून खालीच बसले.

"माझा चुकला, बाय. उद्या वर्गात सगळ्यांसमोर सांगतंय."

"नको," दुर्वा म्हणाली. "तुमी माफी मागल्यार पोरांका ता गाणा परत आठवतला."

मी माफीचं काहीतरी सुचवायच्या बेतात होते, ते गिळलं. पोर बरोबर बोलत होती.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "त्या प्रश्नाचा उत्तर काय?"

बुवा घुटमळले. पंच्याला हात पुसत राहिले. "उत्तर नाय, बाय. बारीत असे प्रश्न घालूचे असतत. समोरच्याक सुचता नये म्हणान."

"म्हणजे तुमकाय येना नाय?"

"नाय."

"नि पोरां हसली माकाच!"

सुकट निवडणारे आईचे हात थांबले. गावोगावच्या मंडपांत बुवांनी कितीजणांना गप्प केलं असेल; इथे एका पडवीत ते स्वतः गप्प बसले होते, आणि कोणी टाळी वाजवत नव्हतं.

"बारीत समोरचो बुवा मगे काय करता?" दुर्वाने विचारलं. आता तिच्या आवाजात राग कमी आणि चौकशी जास्त होती.

"तो जवाब देता. त्याच चालीत, ओळीक ओळ जोडून."

"मगे माका जवाब शिकवा."

बुवांचा चेहरा बदलला. मांडीवर बोटं नाचायला लागली, ओठ हलले. त्यांना ओळ सुचली होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. चांगलीच असणार. ती दिली असती तर दुर्वाने पाठ केली असती आणि सगळं मिटलंही असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ओठ मिटले, बोटंही थांबवली.

"'गप्प'क जुळणारे शब्द सांग बघू."

"ठप्प. झप्प. टप्प. लप्प."

"लप्प म्हणजे काय?"

"काय नाय," दुर्वा म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

"बरा. आता, गप्प कोण कोण बसता, ता सांग."

"बगळो. आजी, देव्हाऱ्यासमोर." तिने विचार केला. "परीक्षेत नरेश."

आणि ती थांबली. पुढचं तिला येईना. आम्ही सगळेच थांबलो. खाडीला भरती लागत होती, बांधलेली होडी हळूहळू सरळ होत होती. बुवांच्या गळ्याची घाटी दोनदा वरखाली झाली. ओठांवर आलेली ओळ त्यांनी दोन्ही वेळा आत ढकलली. मी अनेक शिक्षकांना शिकवताना पाहिलंय, पण वाट पाहण्याचे इतके कष्ट पडताना कुणाला पाहिलं नव्हतं.

"बाबा!" दुर्वा एकदम म्हणाली. "गळ टाकल्यार बाबा गप्प बसतत. बोलल्यार मासो पळता." ती उभी राहिली. ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. मग टाळी देत बुवांच्याच चालीत म्हणाली:

"गळ टाकलंय पाण्यात, म्हणान बसलंय गप्प,
मासो लागलो, बुवा, आता वडतंय झप्प!"

आईने सुकटीचे हात पदराला पुसले आणि आत जाऊन तीन कप चहा टाकला.

परत येताना वाटेत बुवा म्हणाले, "माका सुचलेली ओळ हिच्यापेक्षा बरी नव्हती." थोडं चालून पुन्हा म्हणाले, "चालीत जरा बरी होती." मी हसले, तेही हसले.

शेवटचा दिवस

परब मॅडमना मी सगळं सांगितलं आणि बुवांसाठी आणखी एक तास मागितला. त्यांनी खूप विचार केला. "मी दारात उभी राहीन," त्या म्हणाल्या. "नको वाटलं तर तास थांबवीन."

दुर्वा आली होती, पण पुढे बसली नाही. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसली. बुवांनी पेटी लावली. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच 'गप्प'ची टाळी दिली आणि खसखस पिकली. बुवांनी नेमकी तीच चाल धरली. पोरांनी जोरात ओळ म्हटली. ती संपताक्षणी दुर्वा उठली आणि तिने जवाब टाकला.

वर्गाला क्षणभर काही कळलंच नाही. मग मागचा एक मुलगा मोठ्याने हसला, बुवांकडे बोट दाखवून. "बुवा मासो! बुवा मासो!" सगळ्यांच्या माना बुवांकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत जुना बुवा लख्खकन जागा झाला. पलटून द्यायची ओळ त्यांच्याजवळ नक्की होती. त्यांनी पेटीचा भाता दोनदा नुसताच हलवला आणि म्हणाले, "गावलंय खरो. आता दुसरो कोण?"

हात वर झाले. कुणी गप्पला टप्प जुळवलं, कुणी लप्प, आणि लप्पचा अर्थ काय यावर भांडण झालं. मग नरेश उभा राहिला, तोच तो परीक्षेत गप्प बसणारा. "बाजारात गेलंय..." एवढं म्हणून तो अडकला. कान लाल झाले. पुन्हा खसखस सुरू झाली.

"रवा रे," खिडकीशी बसलेली दुर्वा म्हणाली. "सुचतला त्याका."

वर्ग थांबला. नरेशला सुचायला बराच वेळ लागला आणि जे सुचलं ते काही खास नव्हतं. पण तो स्वतःच खूश होऊन बसला. दारात उभ्या असलेल्या परब मॅडम केव्हा आत येऊन बाकावर बसल्या, ते मला कळलं नाही.

तास सुटल्यावर बुवा दुर्वाला म्हणाले, "येतंय हां, बाय." तिने मान हलवली, हसली मात्र नाही. त्यांनीही तिच्याकडून आणखी काही मागितलं नाही. मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बुधवारचा शेवटचा तास मोकळा आहे. आधी महिनाभर बघू."

निघताना सुलोचनाकाकींनी घावणे बांधून दिले आणि तिरफळांची एक पुडी, "सासरच्या माणसांका जपान घाला" अशी ताकीद देऊन. घाट चढून वर आल्यावर पुन्हा स्वेटर लागला.

सोलापूरला परतून काही आठवडे झाले होते. एका बुधवारी संध्याकाळी बुवांचा फोन आला. मागे एसटी स्टँडचा गोंगाट होता आणि ते मोठमोठ्याने हसत होते.

"ताई, आज गंमत झाली. अख्ख्या तासात मी एक ओळ म्हटलंय नाय. सगळा पोरांनीच केला. तास सुटल्यार मॅडम धावत इल्यो, नि माका सुंठ-खडीसाखर दिल्यानी. म्हणाल्यो, बुवा, आज घसो बसलो काय तुमचो?"